कुसुमबायची चूक नव्हती

माझं माहेर बारवी धरणाच्या अंगाला. बदलापूर सोडून आत गेलं की डोंगराच्या पायाशी एक वाडी हाय, पंधरा-वीस घरं, तिथली मी. पावसाळ्यात भात लावायचं, दिवाळीनंतर मोळ्या विकायच्या, असं आमचं चालायचं. आयस डोक्यावर मोळी घेऊन बदलापूरला चालत यायची आणि मी तिच्या मागं छोटी मोळी घेऊन, आठ-नऊ वर्षांची असेन मी तवा. बापूस दुसऱ्याच्या शेतावर जायचा. चौथीपर्यंत शाळा केली, पुढची शाळा लांब व्हती म्हणून सुटली, पण वाचता येतं मला, सही येते. सही येते ह्याचं मला फार वाटायचं त्या वेळी. आता नाय वाटत. का नाय वाटत ते सांगते, त्यासाठीच तर तुम्हाला बसवलं.

नाव सुगंधा. लग्न झालं तसं अंबरनाथला आली, ह्याच बुवापाड्यात, ही खोली नाय, मागच्या गल्लीत भाड्यानं व्हतो. आमचे हे मोरिवलीला केमिकलच्या कंपनीत हेल्पर व्हते. माणूस चांगला, दारू नाय, शिवी नाय, पण छातीत खोकला बसलेला, पिंपं उचलून उचलून आणि त्या वासानं. मंग कंपनी बंद पडली. गेटला कुलूप, बाहेर माणसं उभी, दोन महिने हे रोज डबा घेऊन तिथं जाऊन उभे राहायचे, मी डबा भरून द्यायची, दोघांनाही माहीत की कंपनी उघडणार नाय, तरी मी भरायची आणि हे न्यायचे. आमची प्रतीक्षा तवा पहिलीत व्हती. एकच पोर मला.

कुसुमबाय मला नळावर भेटली. आमच्या गल्लीच्या तोंडाला नळ, तिथं ती यायची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल, काळीसावळी, उंच, आवाज एकदम खणखणीत. वांगणीच्या पलीकडची, तीही वाडीतलीच, म्हणून आमची बोली जमायची. एक दिवस मी हंडा लावला आणि भरून वाहायला लागला तरी मला भान नाय. ती बोलली, काय गं, घरात चूल पेटली का आज?  तिनं माझा हंडा उचलून बाजूला ठेवला आणि बोलली, उद्या सात वाजता माझ्याबरोबर चल, भाकरी बांधून घे, आणि बांगड्या काढून ये, काचेच्या नको. बस, एवढंच. कुठं, काय, काय विचारलं नाय मी. सकाळी गेली.

मोरिवली गाव संपतं तिथून कंपन्याच कंपन्या, त्यातली ती एक, डब्यांची झाकणं बनवायची. पत्र्याचा तुकडा मशीनमध्ये ठेवायचा, वरून लोखंडाचा ठोकळा धाडकन खाली येतो, झाकण कापून निघतं, ते काढायचं, दुसरा तुकडा ठेवायचा. दिवसभर हेच. बाया वीस-बावीस, सगळ्या ठेक्यावर. पहिल्या दिवशी त्या आवाजानं मला रडू यायला लागलं, काय सांगू तुम्हाला, असं वाटलं डोक्यात कोणी कुटतंय. कुसुमबायनं स्वतःच्या कनवटीतला कापूस काढला, दोन बोळे केले, माझ्या कानात घातले, जसे लहान पोराच्या कानात आयस घालते तसे. सुपरवायझर पाटकर बोलला, ही कोण? ती बोलली, माझी बहीण हाय. पाटकर बोलला, तुझी बहीण, मंग शिकव तूच, कामाची खोटी झाली तर तुझ्याकडून भरून घेईन. तिनं शिकवलं मला.

काय शिकवलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर हाय. मशीनला दोन बटणं व्हती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येणार. म्हणजे काय, की तुझे दोन्ही हात बटणावर असतील तर आत कुठला हात जाणार? असं ते बनवलेलं, बनवणाऱ्यानं विचार करून बनवलेलं. पण त्यात वेळ जातो. मंग पाटकरच्या माणसांनी काय केलं व्हतं, की एक बटण दाबून त्याच्यावर काळी टेप चिकटवून ठेवायची. मंग एकाच बटणावर मशीन चालतं, एका हातानं तुकडा घालायचा, दुसऱ्या हातानं बटण मारायचं. माल दीडपट निघतो. सगळ्या मशीनला टेप. फक्त कुसुमबाय रोज सकाळी आल्या आल्या आपल्या मशीनची टेप काढायची, गोळा करून पाटकरच्या टेबलावर ठेवायची आणि कामाला लागायची. माझ्या मशीनचीही काढायची. पाटकर बोंबलायचा. ती एक शब्द बोलायची नाय. मला मात्र सांगायची, सुगंधे, मशीनला हात दिसत नाय, पत्रा दिसत नाय, त्याला सगळं सारखंच. झाकण अडकलं तर चिमट्यानं काढायचं, बोटानं नाय.

चार-पाच महिने मी तिचं ऐकलं. मंग माझ्या डोक्यात शिरलं. पाटकर एकदा सगळ्यांसमोर बोलला की शेठ आता लाइन लीडर करणार हाय, बायांतलीच एक, कंपनीच्या रोलवर घेणार, ठेक्यावर नाय, आणि मला बाजूला घेऊन बोलला, तू वाचायला-लिहायला येणारी, तूच हो, पण तुझा माल कमी पडतो, त्या म्हातारीच्या नादाला लागू नको. घरी हे खोकत बसलेले, पोर शाळेत. मला लीडर व्हायचं व्हतं. खरं सांगते, पोरीसाठी असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण नुसतं पोरीसाठी नाय, मला ते नावच आवडलं व्हतं. वाडीतल्या मोळीवाल्या बाईची पोर, लीडर.

त्या दिवशी सकाळी कुसुमबायनं टेप काढली. ती पाणी प्यायला गेली आणि मी पुन्हा लावली. माझ्या ह्या हातानं. पाटकरनं त्या दिवशी मला सांगितलंही नव्हतं. मी आपणहून लावली.

दहा-साडेदहा झाले असतील. झाकण आत अडकलं. चिमटा बाजूला व्हता, पण घाई, मी बोटं आत घातली, आणि दुसरा हात बटणाजवळच, कोपर लागलं का काय झालं मला आजपण सांगता येत नाय. मला फक्त एवढं कळलं की कोणी माझं मनगट धरून असं जोरात मागं फेकलं, मी स्टुलावरून खाली पडली, डोकं पत्र्याच्या गठ्ठ्यावर आपटलं. आणि ठोकळा खाली आला. माझे हात माझ्यासमोर व्हते, दोन्ही, मी बघितले. मंग वर बघितलं तर कुसुमबाय मशीनपाशी उभी, उजवा हात आत. ओरडली नाय ती. एवढंच बोलली, मशीन बंद करा.

मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दवाखान्यात मी नाय गेली तिच्याबरोबर. पाटकरनं मला ऑफिसात बसवलं. पाणी दिलं, चहा दिला, असा चहा मला त्याआधी कोणी ऑफिसात दिला नव्हता. कागद टाइप करून आणला, इंग्रजीत व्हता, त्यानं मला मराठीत वाचून दाखवला, खोटं नाय बोलणार, त्यानं नीट वाचून दाखवला. त्यात व्हतं की कुसुम आपलं मशीन सोडून कारण नसताना दुसऱ्या बाईच्या मशीनमध्ये हात घालायला गेली, मशीन बरोबर चालू व्हतं, बटणं दोन्ही बरोबर व्हती, तिच्या निष्काळजीपणानं हे झालं. मशीनवर मी, म्हणून माझी सही पाहिजे. मी बोलली, घरी विचारून करते. तो बोलला, घरी काय विचारणार, टेप कोणी लावली ते शेठला सांगू का? त्यालाही माहीत व्हतं. मी सही केली. बाकीच्या बाया अंगठा द्यायच्या, मी सही केली, सुगंधा असं पूर्ण, खाली रेघ मारून.

त्या कागदावर कंपनीनं अंग काढून घेतलं. हलकं काम पण दिलं नाय तिला. महिन्याभरात ती नवऱ्याबरोबर गावी निघून गेली, वांगणीला. जाताना माझ्या दारात आली व्हती. हाताला मोठं पांढरं बँडेज, पदर त्याच्यावर. प्रतीक्षेच्या तोंडावरून डावा हात फिरवला आणि मला बोलली, जाते गं, नीट काम कर. मी नुसतं ये बाय म्हटलं. बस.  ती दोन मिनिटं उभी राहिली, कशासाठी ते मला तवा कळलं नव्हतं असं नाय, कळलं व्हतं.

तिच्या जागी एक नवीन मुलगी आली, लग्न व्हायचं बाकी, अंगानं बारीक. पाटकर तिच्या मशीनला टेप लावायला लागला आणि मला उलटी आली, खरोखरची. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या बायांना गेटबाहेर थांबवलं. मी आयुष्यात चार माणसांत बोलली नव्हती. मी बोलली, आत जायचं, आपापल्या मशीनपाशी उभं राहायचं, हात पाठीमागं बांधायचे आणि टेप निघेपर्यंत हात पुढं आणायचे नाय. कोणी शिव्या दिल्या तरी तोंड उघडायचं नाय. एक बाई बोलली, काढून टाकतील. मी बोलली, मला पहिली काढतील, मी पुढच्या मशीनवर हाय. माहीत नाय कुठून आलं ते माझ्या अंगात. म्हणजे माहीत हाय. कुसुमबायचीच भाषा व्हती ती, मी नुसती बोलत व्हती.

बावीस बाया उभ्या राहिल्या, सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत. पहिल्यांदा त्या शेडमध्ये चिमण्यांचा आवाज ऐकला मी, पत्र्याखाली घरटी व्हती त्यांची. पाटकर ओरडला, मंग ठेकेदार आला, मंग शेठ स्वतः आले. शेठना बाहेरच्या मोठ्या कंपनीला माल द्यायचा व्हता, त्यांना थांबून चालणार नव्हतं. टेपा निघाल्या. पुढं सहा महिन्यांत मशीनला जाळ्या बसल्या, हात आत गेला की मशीन बंद, असं. पाटकर गेला. आणि मी लाइन लीडर झाली, कंपनीच्या रोलवर. जे मला पाहिजे व्हतं तेच मिळालं, बघा.

वर्षाच्या शेवटी कंपनीत कार्यक्रम. मांडव, खुर्च्या, बाहेरचे साहेब लोक. माझा सत्कार, शाल आणि नारळ. शेठनी माइकवर सांगितलं की सुगंधाबाईंनी बायांमध्ये सुरक्षेची जागृती केली, आता त्या दोन शब्द बोलतील. मी घरून ठरवून गेली व्हती. मनात पाठ केलं व्हतं, की हे सगळं मी कुसुमबायकडून शिकली, तिची बोटं माझ्यासाठी गेली, तिची चूक नव्हती. माइक हातात घेतला आणि समोर बघितलं तर शेवटच्या खुर्च्यांच्या मागं, गेटच्या खांबाला टेकून कुसुमबाय उभी. कोणी बाईनं निरोप दिला असेल तिला. जांभळं लुगडं, उजवा हात पदरात. माझ्याकडं बघत व्हती. रागानं नाय हो. ऐकायला उभं राहतात तसं.

शेठ बाजूला बसलेले. तो सहीचा कागद त्यांच्या ऑफिसात. मी बोलली, सगळ्यांचे आभार, शेठचे आभार, माझ्या नवऱ्याचे आभार. आणि खाली बसली. टाळ्या झाल्या. पुन्हा मान वर केली तवा खांबापाशी कोणी नव्हतं.

त्यानंतर वीसेक वर्षं गेली, त्यात सांगण्यासारखं काय नाय. काम केलं. नवीन पोरी आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना मशीनसमोर उभं करून सांगायची, मशीनला हात दिसत नाय, पत्रा दिसत नाय. त्यांना वाटायचं मावशीचंच वाक्य हाय. माझ्या लाइनवर एका पोरीचं नख पण गेलं नाय. सगळ्या मला मानायच्या, घरचं भांडण घेऊन यायच्या, लग्नाच्या पत्रिका पहिल्या मला. वांगणीच्या अंगाला मी कधी गेली नाय. एका भाचीचं लग्न व्हतं तिकडं, मला ताप आला असं सांगितलं. आमचे हे गेले, खोकल्यानंच गेले शेवटी. कुसुमबायची बोटं माझ्यासाठी गेली ते त्यांना माहीत नव्हतं, सही केली ते पण नाय. बायकोचे हात जाता जाता वाचले एवढंच त्यांना ठाऊक, त्यांनी देवीला नारळ दिला व्हता.

मंग प्रतीक्षेचं झालं ते. तिचं लग्न झालं, बदलापूरला फ्लॅट हाय त्यांचा, ती ठाण्याला ऑफिसात जाते. तिच्या ऑफिसात ट्रेनिंग व्हतं, लीडरशिपचं, आणि त्या मॅडमनी सगळ्यांना घरी करायला दिलं की तुमच्या आयुष्यात ज्या माणसानं तुम्हाला घडवलं त्याला पत्र लिहा, आणि पोस्टात नाय टाकायचं, समोर बसून वाचून दाखवायचं. रविवारी ती आली. बोलली, आई, इथं बस, भांडी राहू दे. पर्समधून कागद काढला, दोन पानं. वाचायला लागली. त्यात लिहिलं व्हतं की माझी आई चौथी शिकलेली, पण मी पाहिलेली सगळ्यात मोठी लीडर. ती बावीस बायकांसाठी एकटी उभी राहिली. ती कधी कोणाला घाबरली नाही, ती कधी खोटं बोलली नाही, मी ऑफिसमध्ये घाबरते तेव्हा तिला आठवते. वाचता वाचता ती थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा वाचायला लागली.

मी बोलली, थांब. पुढचं वाचू नको.

ती हसली, तिला वाटलं मला लाज वाटते. मी बोलली, प्रतीक्षा, हे पत्र माझं नाय. आणि मंग सगळं सांगितलं, टेप, सही, मांडव, सगळं, जसं तुम्हाला सांगते तसंच. ती कागदाची घडी घालत बसली, उघडायची, घालायची. शेवटी एवढंच बोलली, त्या मावशी जिवंत आहेत? मी बोलली, माहीत नाय. ती बोलली, वांगणी इथून किती लांब आहे, आई? तिला माहीत व्हतं किती लांब हाय ते. पोर माझी, पण त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलं ना, तसं बघणं कोणत्या आईच्या नशिबी येऊ नये.

मी पुढच्याच आठवड्यात गेली. वांगणीला उतरून रिक्षा केली, पुढं पायवाट, विचारत विचारत. घर सापडलं, ती कुडाचं सांगायची ते आता विटांचं झालेलं. कुसुमबाय दारात बसून वाल सोलत व्हती. केस सगळे पांढरे, पाय सुजलेले, साखरेची बिमारी तिला. अंगठा आणि करंगळीत शेंग धरायची आणि डाव्या हातानं सोलायची, भरभर. मला बघितलं, ओळखायला एक क्षण लागला नाय. बोलली, आलीस. मला वाटलं मी मेल्यावर माझ्या दिवसांनाच येशील.

मी उभ्यानंच बोलली. बसली असती तर बोलता आलं नसतं. म्हटलं, बाय, माझे हात तुझ्यामुळं हायत. मला काम तू दिलंस, शिकवलंस तू, माझी पोर शिकली ती तुझ्यामुळं, मी लीडर झाली ती तुझं बोलणं बोलून झाली. मी तुला कधी एक शब्द सांगितला नाय. आणि टेप मी लावली व्हती.

ती वाल सोलत राहिली. मंग बोलली, टेप तू लावलीस ते मी बघितलं व्हतं. पाणी पिऊन येताना. तूच काढशील वाटलं, म्हणून नजर ठेवून व्हती.

मी बोलली, मंग सांगितलं का नाय गं कोणाला?

सांगितलं असतं तर तुला काढली असती. तुझा नवरा घरी, पोर एवढीशी. मला वाटलं, सांगेल ही, आज नाय तर उद्या. त्या मांडवात आली व्हती ना मी, त्यासाठीच. इथून चालत स्टेशनला गेली व्हती, रिक्षा पण नव्हत्या तवा.

मी तिचे पाय धरायला वाकली तर तिनं पाय आत घेतले. बोलली, बोटांचं मला काय नाय, सुगंधे. बोटं गेली, सवय झाली, भाकरी पण थापते. पण तो कागद कोणी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवला. माझी चूक असं त्यात लिहिलेलं. तो चांगला व्हता, मारायचा नाय, पण जेवायला बसला, घरात काय कमी पडलं की बोलायचा, कोणी सांगितलं व्हतं दुसऱ्याच्या मशीनमध्ये हात घालायला. मी सांगायची, अरे तिचा हात जात व्हता. तो बोलायचा, मंग तिनं सही कशी केली?  चार वर्षं झाली त्याला जाऊन. तेच मनात धरून गेला. तू पाच वर्षं आधी आली असतीस तरी चाललं असतं.

असं बोलली ती. आवाज चढवला नाय. मंग आत बघून हाक मारली, तिचा मुलगा बाहेर आला, चाळिशीचा असेल. ती बोलली, ह्याला सांग. ह्यानंपण बापाचंच ऐकलंय. मी त्याला सांगितलं, त्याच्या बायकोसमोर, दोन शेजारी आले व्हते त्यांच्यासमोर, की हिची चूक नव्हती, माझी व्हती, आणि मी खोटी सही केली. त्यानं ऐकून घेतलं. बोलला, बाबा होते तेव्हा का नाय आलात?  कोणी चहा विचारला नाय, मी पण थांबली नाय.

सोमवारी कामावर गेली. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्या पोरींना उभं करून मी दोन मिनिटं बोलायची रोज, तिथंच सगळं सांगितलं. मशीनला हात दिसत नाय हे वाक्य कोणाचं ते सांगितलं.  एक पोर, माझी लाडकी, ती हळूच बोलली, मावशी, तुम्ही स्वतःच लावली व्हती? आणि आपल्या मशीनकडं गेली. मंग मी ऑफिसात गेली. आता जुने शेठ नाय, त्यांचा मुलगा बघतो. प्रतीक्षेनं अर्ज लिहून दिला व्हता मराठीत, की तो जबाब खोटा, कुसुमबाईंची चूक नव्हती, तसं कंपनीनं लिहून द्यावं. त्यानं वाचला. बोलला, मावशी, ते जुने कागद ऑफिस हलवलं तेव्हाच गेले, आता उकरून कोणाला काय मिळणार, तुम्ही घरी जा, आराम करा. अर्ज टेबलावर ठेवून घेतला. त्याचं उत्तर आलं नाय. दोन महिन्यांनी मला सांगितलं की वय झालं, आता नवीन लीडर बघतो. एक केक कापला. पोरी आल्या, पण पूर्वी गळ्यात पडायच्या तशा नाय पडल्या. बरोबर हाय त्यांचं.

अर्जाची दुसरी प्रत प्रतीक्षेनं सही घेऊन कुसुमबायच्या मुलाला नेऊन दिली. रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलीय त्यानं. त्या कागदाखाली पण माझीच सही हाय.

आता मी घरी धागा कटिंग करते. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवतात, तिथून टेम्पोवाला पँटींचा गठ्ठा आणून टाकतो, लोंबणारे धागे कापायचे, बोटं निळी होतात बघा, ही धुतली तरी जात नाय. बसून काम, दिवस जातो. प्रतीक्षा फोन करते, काय खाल्लं, गोळी घेतली का, सगळं विचारते. बदलापूरला राहायला ये बोलते. ते पत्र तिनं फाडलं नाय असं ती बोलली, पण पुढचं पान मला कधी वाचून दाखवलं नाय, आणि मी मागितलं पण नाय. ऑफिसात तिला तिच्या मॅडमनी विचारलं म्हणे, आईची रिॲक्शन काय होती. तिनं काय सांगितलं ते मला ठाऊक नाय.

महिन्यातून एकदा वांगणीला जाते. पहिल्या दोन वेळा कुसुमबाय माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्यांदा तिच्या पायाची जखम धुवायला तिची सून घरात नव्हती, मंग मी धुतली, तिनं धुवू दिली. तवापासून तेवढं माझं काम झालंय. कोमट पाणी, मलम, पट्टी. ती दुसरीकडं बघत बसते, कधी बोलते, भाताला यंदा रोग पडला, सुनेला दिवस गेलेत, असं. माफ केलं का ते मी विचारत नाय. विचारणं म्हणजे पुन्हा तिच्याकडून काहीतरी मागणंच झालं ना. डॉक्टर बोललाय, पाय राहील का सांगता येत नाय.

तुम्ही लिहिताय तर एवढं नीट लिहा, ताई, माझं नाव मागं-पुढं झालं तरी चालेल, पण तिचं नाव नीट लिहा, आणि तिची चूक नव्हती हे लिहा. आणि तुमचं कोणी असं असेल, ज्यानं तुम्हाला वर काढलं, तर त्याच्या घरी सगळे हयात असताना जा. देव तुमचं घर भरलेलं ठेवो. मला आता निघायला पाहिजे, टेम्पोवाला सहाला येतो आणि अजून अर्धा गठ्ठा बाकी हाय.